लपते मूठ, नळी नव्हे

कपड्याखाली बाळगायचं तर मिळेल तितकं लहान पिस्तूल घ्या, हा इथल्या चर्चेत दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. शर्टाआडून उठून दिसते ती मूठ. नळी पँटच्या आत जाते, ती थोडी लांब असली तरी बिघडत नाही. ग्लॉक कंपनीची १९ आणि तिच्याहून लहान २६ ही पिस्तुलं शेजारी ठेवून पाहा. नळीत फरक जेमतेम दीड सेंटीमीटरचा, उंचीत, म्हणजे मुठीत, मात्र दोनाहून जास्त. पण त्याच आखूड मुठीमुळे २६ वर माझी करंगळी हवेत राहते, आणि दुसरी गोळी झाडेपर्यंत पकड सैल झालेली असते. म्हणून विकत घेण्याआधी नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही चालवून बघाच. अगदी लहान पिस्तुलांची स्प्रिंग बहुधा कडक असते, स्लाइड (पिस्तुलाचा मागे ओढायचा वरचा भाग) ओढताना हात दुखतो, हेही तिथेच कळतं.

होल्स्टरबद्दल, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाबद्दल, इथे कुणीच बोललं नाही, याची मला खरंच काळजी वाटते. ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं कडक होल्स्टर हवं. मऊ होल्स्टरची कड आत दुमडते किंवा शर्टाचं टोक आत जातं, आणि पिस्तूल परत ठेवताना तेच ट्रिगर दाबतं. घाई न करता, कापड बाजूला धरून, बघूनच आत सरकवा.