खरवस सगळ्यांना हवा, मग गोऱ्हा कुठे जातो?

गोठ्याकाठची :

काल इथे 'निरामिष' यांचा लेख आला. त्यातलं एक वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही : "मी दूध, दही, तूप खाते, पण माझ्या ताटासाठी एकाही जिवाचा प्राण गेलेला नाही." खाली सहमत, सहमत अशी रांग लागली होती. दोनदा प्रतिसाद लिहून खोडला, शेवटी वेगळा धागाच काढते आहे.

माझं माहेर संगमनेर तालुक्यात. गोठ्यात सात एचएफ (होल्स्टिन, भरपूर दूध देणाऱ्या विदेशी वंशाच्या) गाई. वडील पहाटे चारला धारांना बसायचे, साडेपाचला कॅन संकलन केंद्रावर. गाय दूध देते कारण ती व्यालेली असते, हे शहरातल्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. दूध चालू ठेवायचं तर ती पुन्हापुन्हा व्यायला हवी. निम्म्या वेळा कालवड होते, निम्म्या वेळा गोऱ्हा, म्हणजे नर वासरू. कालवड झाली की आई गूळ वाटायची. गोऱ्हा झाला की घरात कुणी काही बोलायचंच नाही.

एचएफच्या गोऱ्ह्याचं करायचं काय? वशिंड नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही. उन्हात धापा टाकतो. औताला कुणी घेत नाही. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, आळीत खरवसासाठी वाटला जायचा, वासराला उरलेला. चार दिवसांनी त्याचं दूध तोडून पिठाचं पाणी सुरू. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मेलेला तरी असायचा, नाहीतर रात्रीच्या टेम्पोत चढलेला. मी नऊ वर्षांची असताना वडील एकाला घाटात सोडून आले. मी टेम्पोत पुढे बसले होते. ते वासरू आमच्यामागे पळत आलं, वळणापर्यंत. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा धारांना बसले.

निरामिषताई, दूध प्या. पण तुमच्या चहाचा आणि त्या वासराचा काही संबंध नाही असं लिहू नका.

निरामिष :

लेख माझा आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. वाचून वाईट वाटलं. पण एका गोठ्यातल्या निर्दयपणाचं खापर सगळ्या शाकाहारी माणसांवर का? माझं आजोळ वाईजवळ. आजोबा माळकरी, दरवर्षी वारीला जायचे. आमच्याकडे दोन सडं वासराला आणि दोन सडं घराला असा नियम होता. भाकड गाय मरेपर्यंत दावणीला राहायची आणि मेल्यावर शेतातच पुरायची. हेही दूधच होतं ना? दोष दुधाचा नाही, हावेचा आहे.

गोठ्याकाठची :

निर्दयपणा हा शब्द मागे घ्या. माझे वडील निर्दय नव्हते.

तुमच्या आजोबांची गावरान गाय घरापुरतं दूध देत असणार. ते विकायचं नव्हतं, म्हणून दोन सडं सोडणं परवडत होतं. आता डेअरीचं गणित बघा. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेल्या दुधाला २०२३ मध्ये सरकारने ३४ रुपये दर ठरवून दिला. वर्ष संपायच्या आत तो २६-२७ वर आला आणि जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायची वेळ आली. पेंडेचं पोतं मात्र एकदाही उतरलं नाही. या भावात दोन सडं वासराला सोडली तर घरात काय शिजवायचं? पिशवी दोन रुपयांनी महागली की आरडाओरडा कोण करतं? हाव फक्त गोठ्यात असते का?

वनस्पतीच :

मला यात वाद काय आहे तेच कळत नाही. दूध सोडा, प्रश्न संपला. मी सहा वर्षांपूर्वी सोडलं. गांधीजींनी १९१२ मध्येच सोडलं होतं. कलकत्त्याचे गवळी गाईचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत उतरावं म्हणून 'फुका' (गाईच्या योनीत हवा फुंकण्याचा क्रूर प्रकार) करायचे, ते कळल्यावर त्यांना दूध नकोसं झालं.

निरामिष :

आणि नंतर आजारपणात शेळीचं दूध सुरू केलं, तेही सांगा की.

वनस्पतीच :

सांगतो. कस्तुरबांनी सुचवलं, की शपथ घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. त्यांनी ते ऐकलं आणि त्याची टोचणी पुढे कायम बाळगली, स्वतःच लिहून ठेवली. तुमच्या लेखात टोचणी कुठे आहे?

निरामिष :

बदामाचं दूध परवडणाऱ्यांनी टोचणीवर बोलू नये. आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला रोज एक कप दूध मिळतं, तेवढंच काय ते पौष्टिक. त्यांना काय सांगू?

वनस्पतीच :

बदाम कोण म्हणालं? वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवा, सकाळी वाटून गाळून घ्या. चहात चव वेगळी लागते हे खरं आहे. पण कढी त्याच्या दह्याची होते, माझी आई करते. आणि त्या मुलाला अंडं द्या. शाळेत अंडं द्यायचं म्हटलं की विरोधाला उभे कोण राहतात? दूध पिणारेच.

वेंगुर्लेकर :

अंड्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मुंबईत तीन घरं बदलली. तिसऱ्या सोसायटीत सेक्रेटरी दारात आले आणि म्हणाले, बांगड्याचा वास जिन्यात येतो, इथे सगळे जीवदयावाले राहतात. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा हवा असायचा, दुसरं काही उतरायचं नाही. शेवटचे दोन महिने मी तो ऑफिसच्या पँट्रीत भाजून डब्यातून आणला. त्याच जिन्यात रोज सकाळी सत्तर घरांच्या दुधाच्या पिशव्या पडायच्या. आज कळतंय त्या पिशव्यांमागे काय आहे. खय जावचा आमी? हा प्रश्न आई विचारायची.

जीवदया_कार्यकर्ता :

वेंगुर्लेकर, आईंबद्दल वाईट वाटलं. सेक्रेटरींनी केलं ते चूकच. पण ते अवांतर झालं.

मूळ धाग्याबद्दल. गोऱ्हे रस्त्यावर सुटतात याचं उत्तर कत्तल नाही. त्यांना सांभाळणं हे उत्तर आहे. मी आठ वर्षं गोशाळेत सेवा करतो. विनोबांनी १९८२ मध्ये देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू करवला, तो बैलांसाठीही होता. १९७६ च्या राज्याच्या गोहत्याबंदी कायद्यात गाय वाचली, बैल सुटला होता. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. हे महाराष्ट्राने केलेलं मोठं काम आहे.

काळ्याचा_धनी :

मोठं काम कोणी केलं? बीड जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी आहे मी, ते काम माझ्या खिशातून झालंय.

२०१५ च्या आधी बैल थकला की बाजारात जायचा, त्या पैशात भर घालून नवा जोड यायचा. ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बैलाला कुणी हौसेनं विकत नाही. पोळ्याला त्याच्या पाया पडतो आम्ही. पण २०१८ च्या दुष्काळात कडबा आणायला पैसे नव्हते. दोन बैल होते. एकाला घ्यायला कुणी फुकटसुद्धा आलं नाही, कारण नेताना रस्त्यात अडवतात अन् मारतात. चारा छावणीत त्याला नेलं, तिथंच मेला. दुसरा काळ्या, आजही दावणीला आहे. वय १७. डावा पुढचा खूर गेलाय. त्याला रोजचं वैरण-पाणी सव्वाशे रुपयांच्या खाली होत नाही.

कायदा करणाऱ्याने तारीख टाकली अन् बैल माझ्या दावणीला बांधून गेला.

जीवदया_कार्यकर्ता :

दादा, आई-वडील थकले की आपण विकतो का? तुम्ही खाटकाची वकिली करताय, वाचून लाज वाटली.

काळ्याचा_धनी :

लाज मला काढू नका. आमच्या भागातल्या एका गोशाळेत काळ्याला घेऊन गेलो होतो. "जागा नाही" म्हणाले. मग म्हणाले, अकरा हजार देणगी दिली तर बघू. मी पावती मागितली तर गेट लावून घेतलं. काळ्याला तेरा किलोमीटर चालवत परत आणला, तीन पायांवर. तेव्हा कुठं होते जीवदयावाले?

जीवदया_कार्यकर्ता :

ती गोशाळा आमची नव्हे. सगळ्यांना एका मापात मोजू नका. सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केलं आहे.

गोठ्याकाठची :

देशी गाईला, आणि तेही गोशाळेतल्या. त्याच दिवशी तिला राज्यमाता म्हणून जाहीर केलं. माझ्या वडिलांचा एचएफ गोऱ्हा त्यात नाही, या दादांच्या दावणीचा काळ्याही नाही. दूध संकरित गाईचं प्यायचं आणि माया देशी गाईवर करायची, याने गोठ्यात काय बदलतं ते सांगा.

डॉ_खूर :

पशुवैद्यक आहे, ग्रामीण भागात वीस वर्षं. दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे.

कायद्यामुळेच बैल संपले असं नाही. पशुगणनेत २०१२ ते २०१९ मध्ये राज्यातले गाई-बैल साधारण १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आले, पण त्यात ट्रॅक्टरचा वाटा मोठा आहे. तरी विक्री बंद झाल्यावर शेतकरी गाईऐवजी म्हशीकडे वळतो हे मी रोज पाहतो. म्हशीला ती बंदी नाही. रेड्याचं काय होतं हे इथे कुणीही विचारलेलं नाही.

गोऱ्ह्याबद्दल : घाटात सोडण्याआधीच बरेच मरतात आणि त्याचं मुख्य कारण चीक न मिळणं. वासरू जन्मतं तेव्हा अंगात प्रतिकारशक्ती जवळपास शून्य. ती चिकातूनच येते आणि आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेतं. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. कालवडीला तो पाजतात. गोऱ्ह्याचा वाटा विकला जातो. मग हगवण लागते आणि मला रात्री फोन येतो, तोही क्वचित. खरवस खाणाऱ्यांनी एवढं माहीत करून घ्यावं.

आणि उपाय आहे. लिंग निवडलेल्या रेतमात्रा (कृत्रिम रेतनाच्या कांड्या) आता मिळतात, त्यातून दहापैकी नऊ वेळा कालवड होते. पण कांडी महाग आणि गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी. अनुदान असलं तरी गावापर्यंत वेळेवर पोचत नाही. गाय माजावर येते तेव्हा ती कागदपत्रांसाठी थांबत नाही.

वनस्पतीच :

म्हणजे गोऱ्हा जन्मालाच येऊ द्यायचा नाही, हा तुमचा प्राणिकल्याणाचा उपाय?

डॉ_खूर :

होय. उपाशी मारण्यापेक्षा बरा. तुम्ही एकदा रात्री दोन वाजता त्या वासराजवळ बसा, मग बोलू.

निरामिष :

सगळे मिळून मला झोडपताय तरी एक सांगते. आपल्याकडे याचा विचार झालाच नव्हता असं नाही. ऋषिपंचमीला आजी बैलाच्या कष्टाचं काही खायची नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, ऋषीची भाजी आणि न नांगरता उगवलेला देवभात. वसुबारसेला घरात गाईचं दूध, ताक बंद. हे कुणा व्हीगन परदेशी माणसाने शिकवलेलं नाही.

गोठ्याकाठची :

माझी आईही ऋषिपंचमी करते. बैलाचं ऋण आपल्यावर आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच मला राग येतो, ताई. ऋण माहीत असलेली माणसं "एकाही जिवाचा प्राण गेलेला नाही" असं लिहितात तेव्हा.

वेंगुर्लेकर :

मी अवांतर केलं म्हणून बोलणी बसली, पण आता तर बैलच धावतोय धाग्यात. असो. डॉक्टर, रेड्याचं काय होतं ते सांगाच.

डॉ_खूर :

तुम्हाला माहीत आहे. भारतातून म्हशीचं मांस किती निर्यात होतं ते बघा. दुधाच्या धंद्याचाच तो दुसरा अर्धा भाग आहे.

निरामिष :

रात्रभर विचार केला. लेखातलं ते वाक्य काढून टाकलं आहे. त्या जागी दुसरं काही लिहिलेलं नाही, कारण काय लिहावं ते सुचलं नाही. गोठ्याकाठची, 'निर्दयपणा' हा शब्द मागे घेते. दूध सोडणार नाही. घरात सासूबाई आहेत, नातू आहे, मी एकटी ठरवू शकत नाही आणि मला ते पटलेलंही नाही. खरवस मात्र आमच्याकडे परत येणार नाही. दूधवाल्याला सकाळी सांगितलं. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं, तो काही न बोलता निघून गेला.

वनस्पतीच :

खरवस हा वर्षातून दोनदा होणारा पदार्थ. रोजच्या दुधाचं काय?

गोठ्याकाठची :

असू द्या हो. तो दूधवाला घरी जाऊन काय बोलला असेल, मी तोच विचार करते आहे.

जीवदया_कार्यकर्ता :

काळ्याचा_धनी, काल रागात लिहिलं. खाटकाची वकिली हे म्हणायला नको होतं. कायदा बरोबरच आहे असं मी अजूनही म्हणतो. पण तो बैल तुमच्या एकट्याच्या दावणीला राहावा हे बरोबर नाही. आमच्याकडे एक जागा होईल, खुराचा इलाजही होईल. देणगी नको.

काळ्याचा_धनी :

व्यक्तिगत निरोप केलाय. पावती नको, काही नको. टेम्पोचं भाडं मी देतो. मला फक्त महिन्यातून एकदा येऊन त्याला बघू द्या. १७ वर्षं आहे तो माझ्याकडं.

डॉ_खूर :

नेण्याआधी तुमच्या दवाखान्यातून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. गोशाळेचं पत्र सोबत ठेवा, कुठून कुठे ते मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि दिवसाउजेडी निघा. नाहीतर गोशाळेला नेतानाही रस्त्यात अडवतील.