बांबू धरणारा आणि चाकू मारणारा, शिक्षा एकच?

वर एका दादांनी विचारलंय, की दोन गटांच्या मारामारीत नुसता बांबू घेऊन उभा असलेला पोरगा चाकू मारणाऱ्याइतकाच दोषी कसा? ठाणे कोर्टात वकिली करते, म्हणून लिहिते.

पाच किंवा जास्त जण समान उद्देशाने जमले, तर त्या उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार. आधी भादंवि (भारतीय दंड विधान) कलम १४९, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९०. बघ्यांना हे लागत नाही, पण हातात बांबू असेल तर 'मी बघत होतो' पटवणं फार अवघड. दंगलीला दोन वर्षांपर्यंत, घातक हत्यार असेल तर पाचपर्यंत. पूर्वी तीन होती.

पण दोषी ठरणं वेगळं आणि शिक्षा किती हे वेगळं. सत्र खटल्यात, म्हणजे सत्र न्यायालयात चालणाऱ्या गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात, शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं, आणि तिथेच आपण वकील कमी पडतो, याचा मला राग येतो. 'वय लहान, पहिलाच गुन्हा, दया दाखवावी' म्हणून खाली बसतात. बाहेर आई मुलाच्या आयटीआयच्या सर्टिफिकेटची फाईल छातीशी धरून उभी असते, ती रेकॉर्डवर येतच नाही.

जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल आणि मुलगा २१ च्या आतला असेल, तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याने (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडण्याचा कायदा) न्यायालयाला प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. वय दोषी ठरण्याच्या वेळचं धरतात, घटनेच्या दिवशीचं नाही. खटला रेंगाळला की हे संरक्षण गेलंच. त्यामुळे तारखा मागत बसू नका, कागद आत्तापासून जमवा.