सोसायटी ग्रुप: बागेतला झोका

ए-२०३: नमस्कार. काल संध्याकाळी वॉचमनदादांच्या मुलाला आपल्या मुलांनी झोक्यावरून उतरवलं. "तुझे बाबा गेटवर बसतात, तू इथे बसायचं नाही." पहिली-दुसरीतली पोरं. नावं घेत नाही, पण हे कुठून शिकली?

सी-१०२: बाग सभासदांच्या मुलांसाठी आहे. सभेत ठरलंय.

ए-२०३: काका, ते कुटुंब आपल्याच जिन्याखालच्या खोलीत राहतं. बाहेरचं कसं?

डी-१०४: मुलंच ती, आज भांडतील, उद्या विसरतील. टँकर आला का हो?

बी-४०१ (आजी): भांडण वेगळं, बापाच्या कामावरून उठवणं वेगळं. ज्याला उठवलं तो विसरत नाही. चाळीसेक मुलं रोज सांभाळायचे बालवाडीत, म्हणून सांगते. आपल्याला कमी मिळालं हे तीन-चार वर्षांच्या पोरालाही लगेच कळतं. आपल्याला जास्त मिळालं हे खुपायला सातवं-आठवं वर्ष उजाडतं, तेही घरात तशी सवय असेल तर. भाषण देऊ नका, खेळ द्या. झोक्याला १०० आकडे, आणि मोजायचे ज्याचा नंबर पुढचा आहे त्याने, मोठ्याने. घरी चिक्की असो की पेरू, एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटे कसे सारखे होतात बघा.

सी-१०२: विषय बागेचा आहे, पेरूचा नाही. सभेत ठरलंय.

बी-३०२: आजी, आमच्याकडे वाटे करणार दादा आणि ताटं उचलणार ताई, असं चाललं होतं. आता फ्रीजवर पाळ्या लावल्यात.

डी-१०४: मुलाला खरकटी ताटं उचलायला लावता?

बी-३०२: हो, आणि त्याच्या बाबांनाही. गुरुवार त्यांचा.

ए-३०१: आमच्या ह्यांना हा मेसेज दाखवू नका कोणी 😄

डी-१०४: ज्याच्या त्याच्या घरची पद्धत. मी काही बोलत नाही.

बी-३०२: बोललातच की वहिनी.

सचिव: कृपया वैयक्तिक नको. टँकर ११ वाजता.

बी-४०१ (आजी): बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ सोबत. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली त्यांनी. इथे पोर आपल्या पायांनी बागेत आलंय आणि आपण ठराव शोधतोय.

सी-१०२: आजी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ठराव तो ठराव. सभेत ठरलंय.

ए-२०३: काका, गाडीतून हॉर्न मारून "ए, गेट!" ओरडतो ना आपण, मागच्या सीटवर तेच शिकतात. आजपासून आमच्या घरी 'वॉचमन' बंद. 'दादा' म्हणायचं, येता-जाता.

बी-३०२: लपाछपीत त्यालाही घेऊ. राज्य कोणावर ते सगळ्यांनी चकूनच ठरवायचं, मोठ्या मुलांनी लादायचं नाही. त्याची धाकटी लिंबूटिंबू. तिला राज्य नाही.

डी-१०४: मग आमच्या धाकट्यालाही राज्य नको. तोही चारच वर्षांचा आहे.

बी-३०२: नाहीच देणार वहिनी. दोघं लिंबूटिंबू.

ए-२०३: आणि भोंडल्याची खिरापत यंदा मुलंच वाटतील, गेटपासून सुरुवात करून. आजी, तुम्ही उभ्या राहाल का?

बी-४०१ (आजी): राहीन. डबा मात्र मुलांच्याच हातात द्या.

सी-१०२: खिरापतीला हरकत नाही. बागेचं उत्तर मिळालेलं नाही.

ए-२०३: रविवारच्या सभेत ठराव बदलायचा अर्ज देतेय, काका. बी-३०२ आणि आजींची सही झाली. अजून कोण?

डी-१०४: कागद वर पाठवा. वाचून बघते.