मदत हवी आहे: उबंटू 24.04 वर आल्यापासून लिंकरला (आज्ञावलीला लायब्ररी जोडणाऱ्या साधनाला) लिबटिफ (टिफ चित्रे हाताळणारी लायब्ररी) सापडत नाही
नमस्कार. सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी मी सी प्लस प्लसमध्ये आज्ञावली लिहिली असून ती चादरीच्या नक्षीच्या टिफ चित्रावरून जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) फाइल तयार करते. उबंटू 22.04 वरून 24.04 वर आल्यापासून ही आज्ञावली लिंक होत नाही. आधी ‘लिबटिफ डॉट एसओ डॉट 5 सापडली नाही’ असा इशारा येतो आणि पाठोपाठ ‘टिफओपन’साठी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या (म्हणजे हे फंक्शन कुठेच सापडले नाही अशा) ओळी येतात.

लिबटिफचे डेव्ह पॅकेज (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइलींचा संच) बसवून पाहिले, परंतु त्यातून 6 क्रमांकाची लायब्ररी मिळते. माझ्याकडची नक्षी वाचणारी तयार लायब्ररी मात्र 5 शी बांधलेली आहे आणि तिचा सोर्स कोड माझ्याकडे नाही. 6 ला 5 च्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाने त्याच फाइलकडे नेणारा दुवा) देण्याचा मार्ग मला धोक्याचा वाटतो, कारण क्रमांक बदलतो तो अंतर्गत जुळणी मोडल्यामुळेच, आणि नक्षीत एक टाका जरी चुकला तरी चादर वाया जाते.

लिबटिफ 4.4.0 वेगळ्या फोल्डरमध्ये बांधून आरपाथने (लायब्ररी कुठे शोधायची तो मार्ग आज्ञावलीतच नोंदवून) जोडावी, की 22.04 च्या कंटेनरमध्येच (त्याच संगणकावरच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) बिल्ड करावे? ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.