खांद्याच्या ऑपरेशनला मानेतला ब्लॉक: घ्यावा की नको?

आरती_सातारा: बाबांचा रोटेटर कफ (खांदा धरून ठेवणारे स्नायूबंध) फाटलाय, दुर्बिणीतून शिवणार आहेत. पूर्ण भूल देणारच आहेत आणि वर मानेत ब्लॉकही देऊ म्हणतात. मला हे पटत नाही, झोपवताय ना, मग मानेत आणखी सुई कशाला? दुखलं तर सलाईनमधून पेनकिलर द्या.

भूलतज्ज्ञ_नाशिक: ताई, खांदा खरा दुखतो तो पहिल्या रात्री, आणि तोवर पूर्ण भूल केव्हाच उतरलेली असते. नुसत्या फेंटानिल-ट्रामाडॉलसारख्या पेनकिलरवर भागवायचं तर डोस वाढतो, मग उलट्या, गुंगी, वयस्कर माणूस बरळायला लागतो. ब्लॉकमध्ये मानेतल्या दोन स्केलीन स्नायूंच्या मधे, खांद्याकडे जाणाऱ्या नसांभोवती बधिर करणारं औषध सोडतात. १९७० मध्ये भूलतज्ज्ञ विनींनी ही पद्धत मांडली तेव्हा हाताला लागेल त्या अंदाजाने सुई जायची, आता सोनोग्राफीवर नस आणि सुई दोन्ही दिसतात. मी तर जरूर घ्या म्हणेन.

मंदार_कोल्हापूर: डॉक्टर, श्वासाचं पण सांगा की! डायफ्राम म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा हलवणारी फ्रेनिक नस तिथूनच जाते, २० मिली औषध सोडलं की त्या बाजूचा डायफ्राम जवळपास सगळ्यांचाच काही तास ढिला पडतो. धडधाकट माणसाला कळत नाही, पण माझ्या मावशीला सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट दमाटणारा आजार), तिला रात्रभर धाप, एक पापणी उतरलेली, आवाज घोगरा, आम्हाला वाटलं पॅरालिसिसच झाला. आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी नकोच म्हणेन.

भूलतज्ज्ञ_नाशिक: पापणी, आवाज, धाप, हे सहसा औषध उतरलं की जातं, पण आधी सांगायलाच हवं होतं आणि सीओपीडीत हा ब्लॉक मीही टाळतो. तिथे सुप्रास्कॅप्युलर आणि अ‍ॅक्सिलरी असे दोन छोटे ब्लॉक खांद्याजवळच देतात, डायफ्राम बहुतेक वाचतो. धाप लागेल म्हणून दुखणं थांबवण्याचाच विषय सोडून द्यायचा?

फिजिओ_स्नेहल: माझी तक्रार वेगळी आहे. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण १२ ते १८ तास टिकतो, पेशंट घरी जाऊन निवांत झोपतो आणि मध्यरात्री एकदम कळ येते, गोळी घेतलेली नसते. हात बधिर असतानाच गोळ्या सुरू करा, आणि बधिर हाताला गरम पिशवी अजिबात लावू नका, भाजलेलं कळत नाही.

आरती_सातारा: बाबांची विडी आत्ता कुठे सुटलीय, जिना चढताना दम लागतो. म्हणजे मानेतला नकोच, खांद्याजवळचे विचारते.

भूलतज्ज्ञ_नाशिक: दम लागतो हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, तपासल्याशिवाय काहीच नको. पण खांद्याजवळच्या ब्लॉकने सुरुवातीला थोडं जास्त दुखू शकतं, तेही बाबांना सांगून ठेवा.

मंदार_कोल्हापूर: चालेल की, त्याला गोळी देता येते.