अंगकोरची मंदिरे आई-वडिलांसोबत: चार दिवसांचा क्रम कसा लावावा?

प्रश्न – रमतगमत

जानेवारीत आई-वडिलांना घेऊन कंबोडियाला जायचे ठरले आहे आणि अंगकोरजवळच्या सियाम रीप शहरात पूर्ण चार दिवस हाताशी आहेत. वडील ७१ वर्षांचे असून त्यांना मूर्तिशास्त्राची मनापासून आवड आहे. वेरूळ आणि घारापुरी त्यांनी अनेकदा, सावकाश पाहिलेली आहेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला चढ-उतार जपून करावे लागतात. सहलींच्या बहुतेक कार्यपत्रिकांमध्ये एका दिवसात सहा-सात मंदिरे कोंबलेली दिसतात आणि नेमके तेच मला नको आहे. तिकीट किती दिवसांचे घ्यावे, कोणती मंदिरे निर्धास्तपणे सोडावीत, आणि अंगकोर वाटचा सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे चारला उठणे खरोखर आवश्यक आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ – दगडफूल

तीन दिवसांचे तिकीट घ्यावे. ते ६२ डॉलरचे असून दहा दिवसांत कोणत्याही तीन दिवशी वापरता येते, त्यामुळे मध्ये एक दिवस विश्रांतीला मिळतो.

सूर्योदय माझ्या मते सोडून द्यावा. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य मंदिरामागून वर येतो, तळ्याकाठी कॅमेऱ्यांची झुंबड उडते आणि दर्शनी बाजूचे शिल्प अंधारात राहते. दुपारी तीननंतर गेल्यास तोच दगड उन्हात उजळून निघतो आणि पश्चिमेच्या दालनांतील भिंतींवर कोरलेले शिल्पपट स्पष्ट दिसतात.

बाहेरच्या दालनांतील हे पट म्हणजेच तुमच्या वडिलांसाठी खरे अंगकोर वाट. पश्चिम दारातून आत शिरल्यावर उजवीकडे वळावे. आधी कुरुक्षेत्राचा पट येतो, ज्यात शरपंजरी पडलेले भीष्म सहज ओळखू येतात. दक्षिणेला हे मंदिर बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याची मिरवणूक, त्यापुढे यम आणि चित्रगुप्तासह स्वर्ग-नरक, मग पूर्वेला जवळजवळ ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन, आणि फेरी पूर्ण होता होता लंकेचे युद्ध. या क्रमाने चालताना मंदिर आपल्या डाव्या हाताला राहते, म्हणजे ही प्रदक्षिणा अपसव्य होते. मंदिराचे पश्चिमेकडे असलेले तोंड आणि पटांचा हा उलटा क्रम लक्षात घेऊन अनेक अभ्यासकांनी या विष्णुमंदिराचा संबंध राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडला आहे. श्राद्धात जानवे अपसव्य करणाऱ्या आपल्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ही दालने सपाट आहेत. मधल्या उंच भागाचा जिना मात्र फार खडा आहे. आईंनी तो टाळावा.

प्रतिसाद २ – वेरूळकर

वडिलांना वेरूळ पाठ असेल, तर एक पूर्ण सकाळ बान्तेय स्रेई मंदिरासाठी राखून ठेवावी. शहरापासून अंतर साधारण ३५ किलोमीटर आहे, परंतु मंदिर लहान आणि जवळजवळ सपाट जमिनीवर आहे. ते इ.स. ९६७ मध्ये पूर्ण झाले आणि बांधणारा राजा नव्हे, तर यज्ञवराह नावाचा दरबारी विद्वान होता. गुलाबी वालुकाश्म इतक्या बारीक पोताचा आहे की हजार वर्षांनंतरही कोरीव रेघा ताज्या वाटतात. तेथील एका त्रिकोणी शिल्पपटावर रावण कैलास हलवताना दिसतो. वेरूळच्या सोळाव्या लेण्यातील तोच प्रसंग अंधाऱ्या पोकळीत खोल कोरलेला, भव्य आहे. येथे कैलास पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि त्यावर घाबरलेले ऋषी, गण आणि प्राणी दाटीने बसलेले आहेत. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. मदनदहन, कंसवध आणि खांडववनावर इंद्राने पाडलेला पाऊसही याच आवारात आहे. (१९२३ मध्ये येथील देवतामूर्ती कापून पळवणारे एक गृहस्थ पुढे फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री झाले. मूर्ती मात्र परत आल्या.)

ता प्रोम हे मंदिर भिंतींवर पसरलेल्या झाडांच्या मुळांसाठी सगळेच पाहतात. जाण्यापूर्वी तेथील ११८६ च्या शिलालेखाचा आशय जरूर वाचावा. राजा सातव्या जयवर्म्याने आपल्या आईच्या स्मरणार्थ प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीची मूर्ती येथे स्थापली आणि तिच्या सेवेसाठी ३,१४० गावे लावून दिली, असे त्यात नोंदवले आहे. एवढे माहीत असले की पडक्या भिंतींमधून चालताना अवशेषांऐवजी एक गजबजलेले संस्थान डोळ्यांपुढे उभे राहते. तेथील जीर्णोद्धारात आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचाही हात आहे. वाट मात्र ओबडधोबड आहे, काठी सोबत असावी.

रमतगमत

दोघांचेही आभार. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारनंतर अंगकोर वाट, दुसऱ्या सकाळी बान्तेय स्रेई, एक दिवस विश्रांती आणि शेवटी बायोन मंदिर व ता प्रोम, असे ठरवतो. नोम बाखेंग टेकडीवरचा सूर्यास्त सोडला तर चालेल का?

प्रतिसाद ३ – दगडफूल

अवश्य सोडावा. टेकडी चढायची, रांगेत थांबायचे आणि अंधारात उतरायचे, हे गुडघ्यांना परवडणारे नाही. बायोन सकाळी घ्यावे, कारण खालच्या दालनातील पूर्व आणि दक्षिण बाजूचे पट तेव्हा उजेडात असतात. तेथे देवादिकांपेक्षा माणसेच अधिक आहेत: बाजारात बसलेल्या बायका, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाकाची लगबग, शेजारच्या चाम लोकांच्या सैन्याशी झालेली नौकांची लढाई. आईंना हे मंदिर सर्वांत जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. वाटाड्या मात्र स्थानिक आणि परवानाधारकच घ्यावा. तेथील ख्मेर भाषेत नारायणाचे ‘नोरेआय’, रामाचे ‘रीम’ आणि सीतेचे ‘सेडा’ झाले आहे. पहिल्या अर्ध्या तासात वडील आणि वाटाड्या एकमेकांची नावे दुरुस्त करू लागतील, त्यासाठी वेळ ठेवावा.