खेळलेली गोष्ट पडद्यावर पाहताना उणी होते का?

निशाचर (धागाकर्ता)

(कथानकातील मोठ्या घटनांचा उल्लेख पुढे आहे. ज्यांना त्या आधी कळू नयेत असे वाटते, त्यांनी इथेच थांबावे.)

'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमवरून केलेल्या मालिकेचा २०२५ चा दुसरा सीझन पाहून संपवला, आणि हीच कथा २०२० मध्ये गेम म्हणून खेळताना मनात जी रुतून बसली होती, ती या वेळी वरवरच का राहिली, याचा विचार अजून संपलेला नाही. गेममध्ये ॲबी नावाची तरुणी जोएलचा, म्हणजे एली या मुलीला बापासारखे जपणाऱ्या नायकाचा, जीव घेते तेव्हा त्यामागचे कारण आपल्याला ठाऊक नसते. जोएलने त्याआधीच्या पहिल्या गेमच्या शेवटी एलीला सोडवताना मारलेला डॉक्टर तिचा बाप होता, हे कळायला जवळजवळ अर्धा गेम जातो, आणि तोवर एलीच्या बाजूने सूड उगवत हिंडणारे आपणच असतो. मग ॲबीच आपल्या हाती दिली जाते आणि थिएटरमधल्या त्या झटापटीत एलीवर चालून जावे लागते. तिथे मी कंट्रोलर खाली ठेवला होता. बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नव्हती आणि दाबायला बोट धजत नव्हते.

मालिकेने मात्र दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच ॲबीला कबरींपाशी उभे करून तिचा हेतू उघड केला. पुढचे सारे मी समजुतीने पाहिले, पण माझ्यावर त्याचा भार आला नाही. म्हणून माझे मत असे आहे की जी गोष्ट खेळणाऱ्याच्या हातांसाठी रचली गेली, ती पुन्हा सांगण्याच्या भरीस पडू नये. 'फॉलआऊट' या गेमवरच्या मालिकेने २०२४ मध्ये केले तसे त्याच जगात नवी माणसे आणून नवी कथा सांगावी.

मृण्मयी

मी आजवर एकही गेम खेळलेली नाही, त्यामुळे आपला निष्कर्ष मान्य केला तर ही कथा माझ्यासारख्यांपर्यंत पोहोचायलाच नको होती, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला मुळीच पटत नाही. २०२३ च्या पहिल्या सीझनमधला तिसरा भाग आठवून पाहा. तो बिल आणि त्याचा जोडीदार फ्रँक यांचा आहे. गेममध्ये फ्रँक मेलेलाच सापडतो आणि त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत बिलबद्दल कडवटपणाच आहे, असे माझ्या भावाने मला सांगितले. मालिकेने त्याच दोघांना एकत्र म्हातारे होऊ दिले. फ्रँक एक बंदूक देऊन बिया मिळवतो, गुपचूप स्ट्रॉबेरी पिकवतो, आणि पहिली स्ट्रॉबेरी तोंडात टाकताच तो आडमुठा, संशयी बिल लहान मुलासारखा हसतो. माझ्या हाती कोणतेही बटण नव्हते, तरी त्या हसण्याने मला रडू आले.

सावध पाऊल

मी दोन्ही गेम खेळलो आहे आणि तरीही मृण्मयींच्या बाजूने आहे. धागाकर्ते ज्याला भार म्हणतात, तो मला काहीसा लादलेला वाटतो. २०१३ च्या पहिल्या गेममध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीत मी कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. डॉक्टर हातात धारदार पाते घेऊन एलीच्या आड उभा होता आणि त्याला न मारता पुढे जाण्याची वाट मी शोधत होतो. ती वाट गेममध्ये ठेवलेलीच नाही. निर्णय लेखकांनी आधीच घेतलेला असताना त्याचा दोष माझ्या माथी का? 'बाल्डर्स गेट ३' या गेममध्ये एखाद्याला वाचवायचे की सोडून द्यायचे हे मी खरोखर ठरवतो, आणि परिणामही मीच भोगतो. तिथे आपला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. जोएल एलीला सोडवतो त्याच प्रसंगात मालिकेने रुग्णालयातल्या गोळीबाराचा आवाज दाबून टाकला, वर संथ संगीत ठेवले आणि जोएलचा निर्विकार चेहरा दाखवत राहिली. पाहणाऱ्याला साक्षीदारच ठेवणारी ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटली.

निशाचर

पर्याय नव्हता हे खरे, परंतु आपण त्या खोलीत कितीतरी वेळ उभे राहिलात, तो वेळ आपला स्वतःचा होता. मालिकेतला जोएल कोणासाठी थांबत नाही. मी ज्याला भार म्हणतो तो त्या थांबण्यातच आहे.

मृण्मयी, बिल आणि फ्रँकचा भाग मलाही अतिशय प्रिय आहे, पण तो उत्तम उतरला कारण तिथे मालिकेने गेमचे बोट सोडले. 'आर्केन' या ॲनिमेशन मालिकेचेही तेच. ज्या गेमवरून ती निघाली, त्यात सामना खेळताना कथा जवळजवळ नसतेच. त्यामुळे पावडर या लहान मुलीने वाचवायला म्हणून फेकलेला बॉम्ब तिच्याच माणसांचा जीव घेतो, तो प्रसंग प्रथम पडद्यासाठीच घडला. तरीही, सरसकट 'पुन्हा सांगू नये' हे माझे म्हणणे मी मागे घेतो. ॲबीचे कारण इतक्या लवकर सांगणे ही चूक होती, एवढ्यावर मात्र मी ठाम आहे.

मृण्मयी

नेमके तिथेच माझे मत वेगळे आहे. कारण आधी माहीत असल्यामुळेच ॲबीने गोल्फची काठी उचलली तेव्हा मला तिचा नुसता राग करता येईना. जमिनीवर दाबून धरलेली एली विनवण्या करत होती, समोर बापाच्या मरणाचा हिशेब चुकता करायला आलेली मुलगी उभी होती, आणि दोघींपैकी एकीचीही बाजू मला सोडवत नव्हती. आपल्याला जिथे पोहोचायला अर्धा गेम लागला, तिथे मी त्या एका प्रसंगातच जाऊन पोहोचले होते.